तेलशिखराचा वाद आणि बेळगाव सीमाभागातील ऊस : पार्श्वभूमी

२०२५ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्याच्या मूडलगी तालुक्यातील गुर्लापूर क्रॉसवर उसाला टनामागे ३,५०० रुपये मिळावेत म्हणून शेतकरी दिवसरात्र रस्त्यावर बसले होते. तोडगा अखेर ३,३०० रुपयांवर निघाला. त्या दिवसांत कर्नाटक राज्याने केंद्राकडे ज्या तक्रारी मांडल्या, त्यांत येथील आसवन्यांना, म्हणजे मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलच्या खरेदीचा कोटा फार कमी मिळतो, ही एक ठळक तक्रार होती. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यात उसाचे बिल आता केवळ साखरेच्या भावावर ठरत नाही, हे त्यातून पुन्हा दिसून आले. उसाच्या दरात इंधनाचा प्रश्न मिसळला कसा, हे समजून घ्यायचे तर तेलाच्या भवितव्याविषयी सत्तर वर्षे चाललेल्या एका वादाकडे जावे लागते.

या वादाची सुरुवात बहुतेकजण १९५६ पासून धरतात. त्या वर्षी एका तेल कंपनीतील भूगर्भशास्त्रज्ञाने टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे असे मांडले, की कोणत्याही प्रदेशातील तेलाचे उत्पादन आधी चढत जाते, काढण्याजोग्या तेलापैकी साधारण निम्मे संपले की शिखर गाठते आणि मग उतरणीला लागते. अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठी त्याने हे शिखर १९६५ ते १९७० च्या दरम्यान येईल असे सांगितले होते. १९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरलवर पोहोचले आणि त्यानंतर खरोखरच घसरू लागले. पुढे १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो बारा डॉलरजवळ गेला. ही टंचाई राजकीय होती, भूगर्भाशी तिचा संबंध नव्हता, पण लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एक झाल्या आणि ‘तेल संपत आले’ हा समज तेव्हापासून पक्का झाला. १९९८ मध्ये दोन भूगर्भतज्ज्ञांनी जगाचे शिखर २०१० च्या आतच येईल असा इशारा दिला. जुलै २००८ मध्ये भाव १४७ डॉलरवर गेला, तेव्हा तो इशारा खरा ठरल्यासारखे वाटले.

या वादातील बराचसा घोळ शब्दांचा आहे. ‘पीक ऑइल’ हे देवनागरीत लिहिले की आपल्याकडचा वाचक ते शेतातल्या पिकाचे तेल असे वाचतो, म्हणून येथे तेलशिखर हा शब्द वापरला आहे. त्याहून अवघड शब्द ‘साठा’ हा आहे. जमिनीखाली तेल किती आहे, त्यातले आजच्या यंत्रांनी आणि आजच्या भावात किती काढता येईल, आणि ते दिवसाला किती वेगाने वर येईल, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तिन्हींना साठा म्हटले जाते आणि वर्तमानपत्रांतही तोच गोंधळ उतरतो.

बेळगावकरांना हा फरक शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयावरून सहज पटेल. पाऊस लांबला की जलाशयाच्या पातळीचा आकडा रोज छापून येतो, आणि पातळी फार खाली गेली की ‘डेड स्टॉक’ हा शब्द घरोघरी ऐकू येतो. तेव्हाही जलाशयात पाणी दिसत असतेच, पण ते नेहमीच्या मार्गाने येत नाही. त्यासाठी वेगळे पंप बसवावे लागतात, खर्च वाढतो, आणि नळाला पाणी येण्याचे दिवस लांबतात. जलाशय कोरडा पडण्याच्या कितीतरी आधी शहराची पाणीटंचाई सुरू झालेली असते. तेलशिखराचे म्हणणे नेमके हेच होते. शेवटचा थेंब कधी संपेल हा त्याचा प्रश्न नव्हताच. धार वाढायची कधी थांबेल, हा होता.

साठ्याचे आकडेही नेहमीच मोजून आलेले नसतात. १९८० च्या दशकात तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेत उत्पादनाचे कोटे ठरू लागले, आणि त्याच काळात अनेक सदस्य देशांनी आपले साठे एकाएकी वाढवून जाहीर केले. एकूण वाढ सुमारे ३०० अब्ज बॅरलची होती, आणि तेवढे नवे शोध त्या काळात लागलेले नव्हते. ते आकडे आजही जागतिक कोष्टकांत छापले जातात. ‘अजून पन्नास वर्षे पुरेल’ अशी विधाने त्यांवरच बेतलेली असतात, म्हणून ती जपून वाचावीत.

दुसऱ्या बाजूची चूक वेगळी होती. शेल खडक पाण्याच्या दाबाने फोडून तेल काढण्याचे तंत्र २००८ नंतर अमेरिकेत झपाट्याने पसरले, २०१८ मध्ये तेथील उत्पादनाने १९७० चे शिखर ओलांडले आणि २०२३ मध्ये ते दिवसाला सरासरी १२९ लाख बॅरलवर गेले. तेलशिखर मानणाऱ्यांनी भाव आणि तंत्र यांची ताकद कमी लेखली होती, हे मान्य करावे लागते. तरीही नेहमीच्या विहिरींतून येणाऱ्या कच्च्या तेलाने २००६ मध्येच शिखर गाठले, असे एका आंतरराष्ट्रीय ऊर्जासंस्थेने २०१० मध्ये नोंदवले होते. शेलच्या विहिरीची धार सहसा पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक उतरते, त्यामुळे नव्या विहिरी खोदत राहणे भाग पडते. राकसकोपच्या भाषेत सांगायचे तर मधली काही वर्षे जगाची वाढती तहान डेड स्टॉकमधून भागवली गेली.

भारताची स्थिती या वादाच्या निकालावर अवलंबून नव्हती. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले, १९७६ पासून तेल देऊ लागले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिखरावर जाऊन उतरले. आज गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते. म्हणून २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी एक मिरज होते, म्हणजे बेळगावहून रेल्वेने दोन-तीन तासांवर. जानेवारी २००३ पासून कर्नाटक आणि महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण लागू झाले. पुढच्याच वर्षी ऊस कमी पडला आणि योजना अडखळली. २०१३-१४ मध्येही देशातील मिश्रण दीड टक्क्याच्याच आसपास होते. खरा बदल २०१८ च्या धोरणाने झाला. बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते) आणि थेट उसाचा रस यांपासून इथेनॉल करण्यास मुभा मिळाली, आसवन्यांच्या कर्जावर व्याजसवलत आली, आणि कृष्णा-दूधगंगेच्या काठच्या कारखान्यांनी आपले आडाखे त्यावर बांधले.

यानंतरचा सर्वांत वादग्रस्त निर्णय ७ डिसेंबर २०२३ चा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला होता आणि उत्तर कर्नाटकात उसाची वाढ खुंटली होती. साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने इथेनॉलच्या चालू पुरवठा वर्षात (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) रस आणि पाकापासून इथेनॉल करण्यास तत्काळ बंदी घातली. गाळप हंगाम तेव्हा ऐन भरात होता. आठ दिवसांनी, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी वापरण्याची परवानगी देण्यात आली. आदल्या हंगामात इथेनॉलकडे वळलेल्या साखरेच्या निम्मीही ती नव्हती. रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५.६१ रुपये होता. तो मार्ग आखडल्यावर कारखान्यांचा पैसा अडकला आणि त्याची झळ शेतकऱ्याच्या बिलापर्यंत आली. निवडणुकीच्या तोंडावर साखर महाग होऊ नये, हा हेतू समजण्याजोगा आहे, पण ज्यांना सरकारनेच आसवनी उभारायला प्रोत्साहन दिले, त्यांना एका रात्रीत थांबवणे न्याय्य नव्हते. बंदी पुढील पुरवठा वर्षासाठी २९ ऑगस्ट २०२४ रोजी उठली. तोवर मक्यासारख्या धान्यापासूनच्या इथेनॉलला जास्त दर मिळू लागला होता आणि उसाचा वाटा मागे पडत गेला.

त्या निर्णयाने एक जुना प्रश्न मात्र समोर आणला. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते, आणि धोरण आखणाऱ्यांच्याच २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासूनच्या एका लिटरमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, म्हणजे टनामागे सुमारे दोन लाख लिटर. यातले बरेच पाणी कृष्णा, दूधगंगा आणि घटप्रभेतून उचलायचे आहे. शिवाय लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते आणि ते पेट्रोलची जागा घेते, डिझेलची नव्हे. हंगामात कोणत्याही कारखान्याच्या आवारात गेले तर काट्यासमोर दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग तासन्‌तास उभी दिसते; प्रत्येक जण पुढे सरकण्यापुरते इंजिन सुरू करतो, आणि ते सारे डिझेलवर चालते. देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे.

मिश्रणाने २०२५ मध्ये वीस टक्क्यांची पातळी गाठली आहे आणि त्यापुढे किती वाढवायचे यावर आता चर्चा सुरू आहे. २०२५-२६ च्या पुरवठ्यासाठी झालेल्या वाटपात उसावर आधारित इथेनॉलचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी राहिला. सीमाभागात आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो साधारण दीड वर्षाने तुटतो. कोट्याचा आणि दराचा निर्णय मात्र त्या मधल्या काळात कधीही होतो.