खर्रा, गाल आणि जनुकांचा नकाशा

गडचिरोली-चंद्रपूरपासून यवतमाळ-वर्ध्यापर्यंत कुठल्याही फाट्यावरच्या टपरीत खर्रा मिळतो. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, आणि हे सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून चांगलं घोटलेलं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र टपरीवरच, गिऱ्हाइकासमोर तयार होतो, त्यामुळे बंदी कागदावर आणि पन्नी खिशात.

रोज खर्रा खाणाऱ्याची पहिली तक्रार बहुधा एकच असते, "तिखट सहनच होत नाही जी." मग हळूहळू तोंड कमी उघडायला लागतं. दातांचे डॉक्टर गालाच्या आतून बोट फिरवतात तेव्हा मऊ अस्तराखाली ताठ दोऱ्या लागतात. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे अस्तराखालच्या पेशी कोलॅजनचे धागे जास्त तयार करतात. सुपारीत तांबंही बरंच असतं, आणि हे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला नेमकं तांबंच लागतं. म्हणजे सुपारी धागेही वाढवते आणि गाठीही पक्क्या करते. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं. 'मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

केरळात फायब्रोसिसच्या रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यांतल्या ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झाला. बहुतेकांना झाला नाही, काहींना झाला. यातला कोण कुठल्या बाजूला जाणार, हे आज आधी सांगता येत नाही. ऊतीत कुठल्या जागी कुठलं जनुक चालू आहे हे दाखवणाऱ्या नकाशाकडून, म्हणजे जनुकांच्या नकाशाकडून, खरी आशा आहे ती इथेच.

माणसाच्या प्रत्येक पेशीत (प्रौढ तांबड्या पेशींसारखे अपवाद सोडून) तीच सुमारे २०,००० प्रथिनांची जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. चालू जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात निघते. कुठल्या जनुकाच्या किती नकला आहेत हे मोजलं की ती पेशी काय करतेय ते कळतं. निरोगी गालाच्या अस्तरात सगळ्यात खालच्या थरातल्या पेशी विभागत राहतात आणि तिथे केराटिन ५ आणि १४ (केराटिन म्हणजे अस्तराला बळकटी देणारी प्रथिनं) ही जनुकं जोरात चालतात. पेशी वर सरकल्या की ती मंदावतात, केराटिन ४ आणि १३ सुरू होतात. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीत सगळा कारभार बदलतो. अस्तर बिघडू लागलं की केराटिन १३ मावळतं आणि एरवी तिथे न दिसणारं केराटिन १७ डोकं वर काढतं.

जुन्या पद्धतीत बायोप्सीचा तुकडा वाटून त्यातला सगळा आरएनए एकत्र मोजत. माती परीक्षणासाठी आपण वावरात नागमोडी फिरतो, आठ-दहा ठिकाणची माती काढतो, मिसळतो आणि अर्धा किलो प्रयोगशाळेला देतो. अहवालात आख्ख्या वावराची सरासरी येते. धुऱ्याजवळचा चिबड कोपरा त्यात दिसत नाही, आणि पऱ्हाटी तर तिथेच जळते. पुढे एकेक पेशी सुटी करून मोजता येऊ लागली. पण सुटी केली की ती मुळात कुठे होती, हे हरवतं.

हा प्रश्न स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१६ साली सोडवला. काचपट्टीवर हजारो सूक्ष्म ठिपके छापायचे आणि प्रत्येक ठिपक्यातल्या डीएनए-धाग्यांना त्या ठिपक्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक द्यायचा. त्यावर ऊतीचा काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा काप ठेवायचा. पेशींची आवरणं सैल केली की आतला आरएनए खाली उतरतो आणि जिथल्या तिथे धाग्यांना चिकटतो. मग सगळं एकत्र वाचलं तरी बिघडत नाही, कारण क्रमांकावरून प्रत्येक नक्कल आपल्या जागी परत बसवता येते. सुरुवातीला ठिपका १०० मायक्रॉनचा होता, नंतर ५५ चा झाला. त्यातही चार-पाच पेशी सहज मावतात, त्यामुळे चित्र थोडं भरड येतं. आता २ मायक्रॉनच्या चौकटीपर्यंत मजल गेली आहे.

अशा नकाशांनी तोंडाच्या कर्करोगाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट पक्की केली. गाठीच्या मधल्या पेशी आणि कडेच्या पेशी एकसारख्या वागत नाहीत. मधल्या पेशी अजून थोड्याफार अस्तरासारख्या राहतात. कडेच्या पेशी मात्र आपली अस्तराची ओळख अर्धवट सोडून आजूबाजूला घुसायच्या तयारीत असतात. याची चाहूल २०१७ साली अमेरिकेत सुट्या पेशींच्या अभ्यासातून लागली होती. कॅनडातल्या कॅल्गरीच्या गटाने २०२३ साली गाभा आणि कड यांचे वेगळे नकाशेच मांडले. कडेची जनुकं जोरात चालू असतील तर रुग्णाचं भवितव्य वाईट, असंही त्यात दिसलं.

प्रतिकारक पेशींचंही तसंच आहे. टी-पेशी किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत, हा प्रश्न मोठा. गाठीत शिरलेल्या, बाहेरच अडकून पडलेल्या आणि आत शिरून थकलेल्या, तिघींचा अर्थ निराळा. काही गाठींजवळ बी आणि टी पेशी टॉन्सिलमध्ये दिसतात तशा पुंजक्याने जमतात. बऱ्याच कर्करोगांत असे पुंजके असलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारक पेशींना कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, गुण जास्त येतो. ही औषधं आपल्याकडच्या माणसाला परवडत नाहीत, म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोकं व मानेच्या पुढे गेलेल्या कर्करोगात निवोलुमॅब या अशाच एका औषधाचा अगदी छोटा डोस, तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. माझ्या मते अलीकडच्या भारतीय वैद्यकातली ही फार मोलाची चाचणी आहे. तरीही निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षाच्या आत गेले. औषध कुणाला लागू पडणार हे आधी ओळखायला पेशींचा ठावठिकाणा उपयोगी पडेल, असा अंदाज आहे. आज दवाखान्यात असा नकाशा कुणी काढत नाही, आणि एका नमुन्याचा खर्चही अजून लाखाच्या घरात जातो.

विदर्भातल्या गावांसाठी एक बाब जमेची आहे. आरएनए फार लवकर तुटतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ताजा तुकडा बर्फात घालून नागपूरला नेणं म्हणजे कसरतच. पण आता फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या तुकड्यांवरूनही नकाशा काढता येतो, आणि असे मेणाचे ठोकळे पॅथॉलॉजी विभागांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असतात. दहा वर्षांपूर्वीचा फायब्रोसिसचा ठोकळा आज उघडता येईल. त्यासाठी त्या माणसाला पुढे कर्करोग झाला की नाही, हे माहीत हवं. ठोकळ्यावर क्रमांक असतो. माणूस मात्र मधल्या काळात दुसऱ्या गावी गेलेला असतो, दुसऱ्या दवाखान्यात दाखवलेलं असतं, मोबाइल नंबर बदललेला असतो. पुढच्या तपासणीची तारीख आणि आशाताईंच्या वहीतली नोंद त्या क्रमांकाशी जोडलेली नसेल, तर कितीही महागडं यंत्र आणलं तरी कुणाच्या गालातला बिघाड पुढे कर्करोगात गेला, हे त्या ठोकळ्यावरून कळणार नाही.