टायरवरचा आकडा लहान, म्हणून ग्रिप जास्त?

‘ट्रेडवेअरचा आकडा जितका लहान, तितकी ग्रिप जास्त.’ स्वस्तातले सेमी-स्लिक, म्हणजे कमी खोबणीचे, ट्रॅकवर पळवायचे टायर घ्यायला निघालेल्याला हा सल्ला कुणीतरी देतंच. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त फसवतो.

मुळात हा आकडा झिजेचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा. अमेरिकी नियमानुसार टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर टायर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात आणि संदर्भ टायरशी ताडून झीज मोजतात. ग्रिपचा इथे प्रश्नच येत नाही. आणि गंमत म्हणजे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर छापायचा आकडा सरकार देत नाही, टायर बनवणारी कंपनीच ठरवते! मग एकीचा १०० आणि दुसरीचा २०० शेजारी ठेवून काय कळणार? योकोहामाच्या ए०५२ वर २०० लिहिलेलं असतं, तरी ट्रॅकवर तो भल्याभल्या १०० वाल्यांना घाम फोडतो.

तैवानच्या नानकांगचा एआर-१ स्वस्तातल्यांचा लाडका. तापला की चिकटतो. पण घरून ट्रॅकपर्यंतचा रस्ता थंड टायरवरच कापायचा असतो, हे विसरलं जातं. खोबणी कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. तिथे साधा रोड टायर बरा.

आकड्यापेक्षा प्रेशर गेज जवळ ठेवा. थंड असताना २६ पीएसआय भरलेला टायर चार-पाच जोरकस फेऱ्यांनंतर ३३-३४ दाखवू शकतो. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) आल्याआल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि हवा कमी करा. घरी परतण्याआधी ती पुन्हा भरायची, हे मात्र लक्षात असू द्या.