हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश करणं थांबवू नका

ब्रश करून बेसिनमध्ये थुंकल्यावर गुलाबी दिसलं की लोक सहसा दोनपैकी एक काहीतरी करतात, एक तर पेस्ट बदलतात नाहीतर ती जागा सोडून बाकीचे दात घासायला लागतात. पेस्ट बदलल्याने फारसं बिघडत नाही पण जागा सोडणं मात्र खरंच वाईट, कारण ते रक्त शक्यतो ब्रश लागला म्हणून येत नाही, तिथे आधीपासून सूज असते म्हणून येतं, आणि सूज असते कारण तिथे प्लाक साचलाय. आता तिथे ब्रशच फिरवला नाही तर प्लाक अजून वाढणार, सूज अजून वाढणार, आणि रक्तही वाढणार.

प्लाक म्हणजे दातावरचा तो चिकट बुळबुळीत थर, सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की जाणवतो तोच. लोकांना वाटतं अन्न अडकलंय, पण तो मुख्यतः जिवंत बॅक्टेरियांचाच थर असतो. हिरड्यांच्या सुजेचं कारण हाच थर आहे हे 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साध्या पद्धतीने दाखवलं. हिरड्या चांगल्या असलेल्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं, तर साधारण 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग परत घासायला सुरुवात केली तर आठवड्याभरात सगळ्यांच्या पूर्ववत झाल्या. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणजे या टप्प्यावर (याला जिंजिव्हायटिस म्हणतात) सगळं परत फिरवता येतं.

पण हा टप्पा हातातून गेला तर गोष्ट वेगळी होते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, ते प्लाकमध्ये बसून काही दिवसांत तो कडक व्हायला लागतो, बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरे क्षार चढतात ना तसंच. हेच कीटण किंवा टार्टर. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते जास्त सापडतं कारण लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात. एकदा कडक झालं की ब्रशने जात नाही, मिठाच्या गुळण्यांनी जात नाही, कुठल्याच मंजनाने जात नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवीन प्लाक अजून सहज चिकटतो.

मग हिरडी दातापासून सुटायला लागते, मध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट 1 ते 3 मिलीमीटर असते, डेंटिस्ट बारीक खुणा केलेल्या सळईने मोजतात, आणि 4 किंवा जास्त आली की काळजीचं. त्या खोल जागेत ऑक्सिजन कमी, तिथे वेगळेच बॅक्टेरिया माजतात, आणि त्यांच्याशी लढताना आपलीच प्रतिकारशक्ती दाताला धरून ठेवणारं हाड झिजवते. हा पेरिओडाँटायटिस, आपल्याकडे पायरिया म्हणतात तोच. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. आणि हे सगळं होताना बहुतेक वेळा दुखतच नाही! दाढ किडली की माणूस रात्री दोन वाजता उठून बसतो, इथे मात्र वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि दात हलायला लागल्यावर लोक दवाखाना गाठतात.

तंबाखूवाल्यांचं तर अजून अवघड आहे. सिगारेट पिणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्तच कमी येतं, त्यामुळे माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे आणि आत हाड जातच असतं. आपल्याकडे मिश्री आहे, तंबाखू तव्यावर भाजून केलेली, कितीतरी बायका ती दात साफ होतात म्हणून लावतात, आणि नाही लावली तर चैन पडत नाही, ते निकोटिनचं व्यसन असतं. घरात आजी-मावशी लावत असतील तर प्लीज प्रेमाने समजावा, रागावून कोणी सोडत नाही.

डायबेटिसचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. शुगर जास्त असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज शुगर कंट्रोलमध्ये येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) थोडं खाली येतं असं अभ्यासांतून दिसलंय, त्यामुळे शुगर असलेल्यांनी डोळे आणि पाय तपासतात तसे दातही तपासून घ्यावेत.

उपचारात पहिली पायरी स्केलिंग, म्हणजे मशीनने कीटण काढणं. "स्केलिंग केलं की दातांत फटी पडतात, दात सैल होतात" हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि ते खरं नाहीये. फटी आधीच पडलेल्या असतात, कीटण आणि सुजलेल्या हिरडीने त्या भरून गेलेल्या असतात, ते काढलं आणि सूज उतरली की दिसायला लागतात एवढंच. काही दिवस थंड पाणी झिणझिणतं, ते हळूहळू कमी होतं. खिसे खोल असतील तर सुन्न करून मुळांपर्यंत सफाई करतात, तेवढ्याने नाही भागलं तर हिरडी उघडून छोटं ऑपरेशन. पण त्यानंतर घरी नीट घासलं नाही तर सगळं परत पहिल्यासारखं होतं, म्हणून अशा पेशंटला सुरुवातीला दर तीनेक महिन्यांनी बोलावतात.

घरी काय करायचं तर मऊ ब्रश, दात आणि हिरडी मिळतात तिथे तिरका धरून हलक्या हाताने, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा आणि रात्रीचा चुकवायचा नाही. दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस किंवा फटी मोठ्या असतील तर मेडिकलमध्ये मिळणारा बारीक इंटरडेंटल ब्रश. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस, जास्त वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

असं दोन आठवडे मन लावून केलं तरी रक्त थांबत नसेल तर डेंटिस्टकडे जा. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, फिट्सच्या किंवा बीपीच्या काही गोळ्यांनी फुगतात, तेव्हा चालू असलेली औषधं नक्की सांगा (पण गोळी स्वतःहून बंद करू नका). आणि काही न करता आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, सारखा ताप आणि थकवा असेल तर आधी फिजिशियनला दाखवून सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, कारण क्वचित रक्ताच्या आजारांची पहिली खूणही हिरड्यांवरच दिसते.