सांबा-जॅझ : न्यूयॉर्कच्या कात्रीआधी आणि नंतर

अमेरिकन सॅक्सोफोन ब्राझीलच्या रिओत पोहोचण्याआधीच तिथल्या कोपाकबाना भागातल्या एका बंद गल्लीत सांबा आणि जॅझचं हे मिश्रण जमून आलं होतं. वरच्या मजल्यांवरचे वैतागलेले रहिवासी खाली बाटल्या भिरकावत, म्हणून तिला बाटल्यांची गल्लीच म्हणत. तिथल्या पियानो-बास-ड्रम त्रिकुटांनी अख्ख्या सांबा ताफ्याचं काम एका ड्रमरवर टाकलं. दोन मात्रांच्या आवर्तनात झांजेवर आठ समान ठोके आणि पायाच्या ड्रमवर सुर्दोचा, म्हणजे सांब्यातल्या मोठ्या ढोलाचा ठेका. यात जोर दुसऱ्या मात्रेवर. तो पहिलीवर गेला की सांब्याची कवायत होते.

अमेरिकनांची गाडी अडली ती इथेच. त्यांनी हे चार मात्रांत लिहून घेतलं, ठोक्यांना सवयीने स्विंगचा, म्हणजे जॅझमधल्या लांब-आखूड ठोक्यांचा झोल दिला आणि ड्रमच्या कडेवर वाजणारा एकच आकृतिबंध गाणंभर न बदलता घोटला. रिओचा ड्रमर तो गायकीच्या ओघात सतत हलवतो. फेब्रुवारी १९६२मध्ये वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या, सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि गिटारवादक चार्ली बर्ड यांच्या ‘जॅझ सांबा’ या तबकडीवर दोन ड्रमर आहेत, तरी ठेका थोडा आखडलेलाच. खपाला त्याने काही फरक पडला नाही. १९६३मध्ये ती अमेरिकेतल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिली आली.

खरा वाद आहे गेट्झच्या पुढच्या ‘गेट्झ/जिल्बर्टो’ या तबकडीचा. मार्च १९६३मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं, बाजारात आली १९६४मध्ये. इपानेमाच्या मुलीवरचं गाणं तिच्यात सव्वापाच मिनिटांच्या आसपास आहे. आधी ब्राझीलचा गिटारवादक जुआंव जिल्बर्टो याच्या आवाजात पोर्तुगीज कडवं, मग त्याची पत्नी अस्त्रूद हिचं इंग्रजी. रेडिओसाठी सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी काढताना ते पोर्तुगीज कडवं सरळ उडवलं आणि गाणं पावणेतीन मिनिटांवर आणलं. रेडिओला लांब गाणी चालत नसत, हा बचाव खरा आहे. पण कापायला सॅक्सोफोनही होता. गेला तो नेमका असा आवाज, जो गिटारच्या ठेक्याच्या किंचित पुढेमागे राहून सगळी लय तोलत होता. उरलं ते सरळ मात्रेवर पडणारं गोड इंग्रजी. १९६५मध्ये ग्रॅमीने तबकडी आणि सिंगल दोन्ही गौरवली, आणि जगाने बोसा नोव्हा, म्हणजे सांब्यातून निघालेली रिओची ही हळुवार शैली, म्हणून ऐकला तो बहुतांशी हा कापलेला तुकडा. लिफ्टमधलं, कुणी लक्ष न देता मागे वाजत राहणारं संगीत ही पुढची बदनामी इथूनच सुरू होते.

गल्लीतला ढणढणीत सांबा-जॅझ या लाटेत बाजूला पडला. १९६४च्या लष्करी उठावानंतर कित्येक वादक देशाबाहेर गेले, राहिलेले टीव्हीकडे वळले. त्या त्रिकुटांच्या जुन्या तबकड्या १९९०च्या दशकात लंडनच्या नाचाच्या क्लबांमध्ये पुन्हा वाजू लागल्या.