जेवण टी-पेशींपर्यंत कसं पोचतं?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं निदान झालं की रुग्णाच्या मनात एक प्रश्न घर करतो: माझ्या खाण्यात काही चुकलं का? आधी त्याचंच उत्तर देतो, कारण हा प्रश्न माणसाला आतून पोखरतो. अमुक पदार्थ खाल्ला म्हणून कुणाला एमएस होत नाही. 2022 साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्याच प्रौढांच्या शरीरात मुक्कामाला असतो आणि एमएस मात्र फार थोड्यांना होतो. म्हणजे जनुकं, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता, किशोरवयातला लठ्ठपणा अशा इतर गोष्टींचाही त्यात हात आहे. पण एखाद्या रुग्णाच्या ताटाकडे बोट दाखवून 'यामुळे झालं' असं कुणालाही म्हणता येणार नाही.

आता काय खावं, हा पुढचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. गेल्या पंधरा वर्षांत त्यावर जे काम झालं, त्यानं रोगप्रतिकारशास्त्राची नजर मेंदूवरून आतड्याकडे वळवली.

एमएसमध्ये शरीराच्या स्वतःच्याच टी-पेशी आणि बी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बिथरतात. मेंदूभोवतीची संरक्षक भिंत ओलांडून त्या आत शिरतात आणि चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करतात. मेंदूत कधीच न गेलेल्या पेशीला मायलिनविरुद्ध उठवतं कोण? 2011 साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे उंदरांची अशी जात होती, की तिला एमएससारखा आजार आपोआप होई. हे उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तेव्हा ते निरोगी राहिले. मग त्यांच्या आतड्यात सामान्य जिवाणू सोडले आणि आजार उगवला. ठिणगी आतड्यात पडत होती.

माणसांत हे तपासणं अवघड, कारण दोन घरांत जेवण वेगळं असतं आणि जिवाणूही वेगळे. म्हणून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाची युक्ती मला विशेष आवडते. त्यांनी 576 रुग्ण घेतले आणि तुलनेसाठी प्रत्येकाच्याच घरात राहणारा, पण रक्ताचं नातं नसलेला निरोगी माणूस घेतला. एकाच छपराखाली राहूनही दोघांच्या आतड्यातल्या जिवाणूंत फरक निघाला. फरक मोठे नव्हते आणि ते आजाराचं कारण की परिणाम, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. पण ते होते.

जेवणाचा टी-पेशींशी संबंध येतो तो या जिवाणूंच्या मध्यस्थीनं. कडधान्यं, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पचतो आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि तिथल्या रोगप्रतिकारक पेशींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. त्यांचा निरोप साधारण असा असतो: नियामक टी-पेशी वाढवा. या पेशी म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतले लगाम. हल्लेखोर पेशींना त्या आवरतात. त्यांच्या विरुद्ध टोकाला टीएच-17 पेशी असतात. आतड्यात त्या बुरशी आणि जिवाणूंपासून आपलं रक्षण करतात, पण मेंदूत शिरल्या तर दाह भडकवतात.

2020 साली जर्मनीतल्या बोखुम इथल्या गटानं दाखवलं, की एमएस रुग्णांच्या मलात आणि रक्तात प्रोपिओनिक आम्ल कमी असतं. त्यांनी रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज 1 ग्रॅम प्रोपिओनिक आम्ल दिलं. 2 आठवड्यांत नियामक टी-पेशी वाढल्या आणि टीएच-17 घटल्या. ते पुढे चालू ठेवणाऱ्यांमध्ये रिलॅप्सचं, म्हणजे आजार पुन्हा उसळण्याचं, प्रमाणही कमी दिसलं. हा शेवटचा भाग मात्र मागाहून नोंदी पाहून काढलेला आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली, प्लसिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना करणारी ती चाचणी नव्हती.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते मिठाच्या गोष्टीवरून कळतं. 2013 साली 'नेचर'मध्ये एकाच वेळी आलेल्या शोधनिबंधांनी दाखवलं, की मीठ वाढलं की एसजीके-1 या विकराच्या मार्गानं टीएच-17 पेशींची संख्या वाढते आणि जास्त मीठ खाणाऱ्या उंदरांत एमएससारखा आजार तीव्र होतो. पुढे अर्जेंटिनात 70 रुग्णांच्या अभ्यासात जास्त सोडियम घेणाऱ्यांना रिलॅप्स जास्त आल्याचं दिसलं. 2017 साली 12 निरोगी पुरुषांना 14 दिवस रोज 6 ग्रॅम जादा मीठ दिलं, तर त्यांच्या रक्तात टीएच-17 पेशी वाढल्या. प्रयोगशाळा, उंदीर, माणूस, सगळे दुवे जुळत होते. तेव्हा हे वाचताना मलाही वाटलं होतं की धागा सापडला.

त्याच वर्षी 465 रुग्णांच्या लघवीतल्या सोडियमचा 5 वर्षांपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध झाला. मिठाचा आणि आजाराच्या वाटचालीचा संबंध त्यात दिसलाच नाही. ना रिलॅप्सशी, ना एमआरआयमधल्या नव्या चट्ट्यांशी. टी-पेशीवर होणारा परिणाम खोटा नव्हता. पण एका पेशीत घडणारी गोष्ट आणि औषधं घेणाऱ्या, झोपणाऱ्या-जागणाऱ्या अख्ख्या माणसात घडणारी गोष्ट यांत बरंच अंतर असतं. मीठ कमी करावंच, रक्तदाबासाठी. कारण उच्च रक्तदाब असलेल्या एमएस रुग्णांत अपंगत्व लवकर वाढताना दिसतं.

ड जीवनसत्त्वाची वाट आणखी वळणाची आहे. आधीच औषध घेणाऱ्या रुग्णांना रोज 5000 युनिट देऊन पाहिलं, तर 600 युनिट घेणाऱ्यांपेक्षा रिलॅप्स काही कमी झाले नाहीत. उलट 2025 साली आलेल्या फ्रान्समधल्या चाचणीत, एमएससारख्या लक्षणांचा पहिलाच झटका आलेल्या आणि अजून एमएसचं औषध सुरू न केलेल्या लोकांना दर 2 आठवड्यांनी 1 लाख युनिट दिले, तेव्हा 2 वर्षांत आजाराची हालचाल 60 टक्के लोकांत दिसली, प्लसिबो घेणाऱ्यांत 74 टक्के. फरक मुख्यतः एमआरआयवरचा होता. एवढा डोस मनानं घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतू शकतं.

'एमएसचा आहार' म्हणून जे विकलं जातं, त्यातली बहुतेक नावं याच अंतरात उभी आहेत. सगळ्यात जुना चेतारोगतज्ज्ञ रॉय स्वँक यांचा कमी संपृक्त मेदाचा आहार. त्यांनी माँट्रियलमध्ये 1940 च्या दशकाच्या अखेरीस तो सुरू केला, 144 रुग्णांचा 34 वर्षं पाठपुरावा केला आणि 1990 साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले. आहार काटेकोर पाळणारे बरेच चांगले राहिले होते. पण तुलनेला गट नव्हता, आणि ज्याची तब्येत बरी आहे त्यालाच पथ्य पाळणं जमतं, ही शक्यता त्यातून वगळता येत नाही. अशा कोणत्याही आहारावर विसंबून एमएसचं औषध थांबवणं फार महागात पडतं. गेलेला चेतातंतू परत येत नाही.

थकव्याच्या बाबतीत चित्र आशादायक आहे. वेगवेगळ्या आहारांच्या लहान चाचण्यांत, भूमध्यसागरी धाटणीच्या आहारातही, रुग्णांनी थकवा कमी झाल्याचं सांगितलं. प्लसिबोचा वाटा त्यात असणारच, पण एमएसचा थकवा ज्यानं पाहिला आहे तो एवढ्याशा फरकालाही कमी लेखणार नाही. त्यासाठीच मी म्हणेन, वाईट दिवशीही रांधता येईल असा आहार निवडा. स्वयंपाकातच शक्ती संपवणारं पथ्य काय कामाचं?

आणि चोथा वाढवायला प्रोपिओनिक आम्लाच्या मोठ्या चाचणीची वाट पाहायचं कारण नाही. एमएस असलेल्या बऱ्याच जणांना बद्धकोष्ठाचा त्रास असतो, कारण आतड्याला जाणारे संदेशही तंतूंमधून जाताना अडखळतात. त्यावर चोथा आणि पुरेसं पाणी हा पहिला उपाय आहे. चोथा मात्र हळूहळू वाढवावा, नाहीतर पोट फुगतं. घास गिळायला त्रास होत असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.