वॉकर्टनच्या नोंदवहीतले आकडे

नळाच्या पाण्यात क्लोरीन किती टाकलं यापेक्षा किती उरलं हे पाहायचं असतं. पाण्यात पडल्याबरोबर क्लोरीन तिथल्या सेंद्रिय घाणीवर, अमोनियावर, लोहावर खर्ची पडू लागतं. ती मागणी भागल्यावर जे शिल्लक राहतं ते अवशिष्ट क्लोरीन. पुढे घरापर्यंतच्या वाटेवर जंतूंचा बंदोबस्त होतो तो त्याच्याच भरवशावर. विहिरीत अचानक घाण शिरली, तर क्लोरीन तिच्यातच संपतं आणि हा आकडा कोसळतो. मोजणाऱ्याला ते काही मिनिटांत कळतं. जिवाणू तपासणीचा अहवाल यायला मात्र दिवस-दोन दिवस लागतात, आणि तोवर गावानं ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीत रोजच्या अवशिष्ट क्लोरीनइतकी मोलाची नोंद दुसरी नाही, असं मला वाटतं.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं वॉकर्टन हे सुमारे ४,८०० वस्तीचं गाव. त्याच्या ५ क्रमांकाच्या विहिरीला पाणी येई ते जमिनीखाली जेमतेम ५ ते ८ मीटरवरच्या, भेगाळलेल्या चुनखडकातून. वर मातीचा थरही पातळ. असं भूजल गाळून येत नाही. पावसाचं पाणी भेगांमधून थेट खाली उतरतं. मे २००० मध्ये, ८ ते १२ तारखांच्या सुमारास तिथे जोरदार पाऊस झाला. जवळच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले जंतू विहिरीत उतरले: ई. कोलायचा ओ१५७:एच७ हा घातक प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर. शेतकऱ्यानं खत रीतीप्रमाणेच टाकलं होतं. पुढे झालेल्या चौकशीत त्याच्यावर कोणताही ठपका आला नाही.

नियम असा होता की क्लोरीन मिसळून १५ मिनिटं झाल्यावर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवं. वॉकर्टनच्या रोजच्या तक्त्यांवर बहुतेक नोंदी ०.५ किंवा ०.७५ अशाच होत्या. बहुतेक दिवशी कोणी मोजतच नव्हतं. आकडे नुसते लिहिले जात होते, आणि तेही वर्षानुवर्षं. पाण्याचे नमुने एका ठिकाणी घेऊन बाटलीवर दुसऱ्याच ठिकाणाचं नाव घालण्याचीही सवय होती. क्लोरीनच्या चवीबद्दल गावातून तक्रारी येत, म्हणून मात्राही कमी ठेवली जाई. यात विष कालवण्याचा हेतू नव्हता. पाणीपुरवठा चालवणारे कर्मचारी, म्हणजे चालक, स्वतः ते पाणी क्लोरीनशिवायही पीत. आपलं पाणी चांगलंच आहे, यावर त्यांचा विश्वास होता.

खरी मोजलेली नोंद इतकी सरळ नसते. पाऊस, तापमान, पंपाचे तास, क्लोरीनच्या द्रावणाची तीव्रता, सगळ्यानं ती हलते. महिनाभर एकच आकडा दिसला, तर मी त्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाही.

१५ मे रोजी घेतलेल्या नमुन्यांत दूषण असल्याचा अहवाल प्रयोगशाळेनं १७ मे रोजी गावच्या पाणीपुरवठा मंडळाला पाठवला. तो तिथेच राहिला. १९ तारखेला रक्ती जुलाब झालेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आरोग्य विभागाला सावध केलं. विभागानं मंडळाकडे विचारणा केली, तेव्हा पाणी ठीक असल्याचं उत्तर मिळालं. शेवटी २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्यांनी स्वतःच्या अधिकारात पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, ७ जण दगावले. ओ१५७:एच७ च्या विषानं तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. २७ जणांना हा त्रास झाला.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगानं स्पष्ट म्हटलं, की ५ क्रमांकाच्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती, तर ही साथ आलीच नसती. रोज हातानं नीट मोजलं असतं, तरी तिचा आवाका बराच कमी झाला असता. आयोगानं बोट फक्त चालकांकडे दाखवलं नाही. नोंदी खोट्या आहेत हे सरकारी तपासण्यांनाही वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. पाणी तपासणी खासगी प्रयोगशाळांकडे गेल्यावर वाईट अहवाल आरोग्य अधिकाऱ्यांना कळवण्याचं कायदेशीर बंधन घालायचंही राहून गेलं होतं. २००२ मध्ये ओंटारिओनं सुरक्षित पेयजलाचा स्वतंत्र कायदा केला.

अवशिष्ट क्लोरीनचं हेच मोजमाप आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीनं करतो. नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक हवं. नोंदवही पाहायला मागितलीत, तर पहिल्या मोठ्या पावसाच्या आठवड्याचं पान उघडा. त्या दिवसांत आकडा खाली आला होता का, आणि दुसऱ्या दिवशी टीसीएल पावडरची (पाण्यात क्लोरीनसाठी टाकायच्या पुडीची) मात्रा वाढवली का, हे तिथे दिसायला हवं. टाकीजवळचीच नोंद असेल, तर गावाच्या शेवटच्या नळावरची मागा. क्लोरीन सगळ्यात आधी तिथेच संपतं.