एक वल्हं पुढे, एक मागे: दोन मोटरच्या रिमोट बोटींची पार्श्वभूमी

होडी जागच्या जागी फिरवायची असेल तर एका बाजूचं वल्हं सुलटं मारायचं आणि दुसऱ्या बाजूचं उलटं. होडीत बसलेल्या पोरालाही हे कुणी शिकवावं लागत नाही. दोन मोटरच्या रिमोट बोटीत हीच युक्ती असते. मोठ्या जहाजांना ती एकोणिसाव्या शतकातच साधली होती, आणि रेडिओनं बोट चालवून दाखवण्याचं कामही त्याच शतकात झालं होतं. तरी हौशी माणसाच्या हातात या दोन्ही गोष्टी एकत्र सर्रास यायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गेली. बोटीला एका वेळी किती सांगता येतं आणि किती बारीक सांगता येतं, यावर सगळं अडलं होतं.

आधी मोठ्या जहाजांचं पाहू. वाफेच्या जुन्या प्रवासी बोटींची पाणी मागे ढकलणारी दोन्ही बाजूंची चाकं (पॅडल) सहसा एकाच दांड्यावर असत, त्यामुळे वळायचं ते सुकाणूच्याच भरवशावर. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टग बोटींना मात्र चाकं वेगवेगळी फिरवता आली आणि त्या जागच्या जागी गिरकी घेऊ लागल्या. हा गुण इतका मोलाचा ठरला की १९५० च्या दशकाच्या अखेरीस, चाकांच्या बोटी जवळजवळ इतिहासजमा झालेल्या असताना, ब्रिटिश नौदलानं डिझेल-इलेक्ट्रिकवर चालणाऱ्या नव्या पॅडल टग बांधून घेतल्या. विमानवाहू जहाजांच्या बाहेर आलेल्या डेकखाली शिरून त्यांना हळुवार हलवायचं, हे त्यांचं मुख्य काम. पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) जहाजांत दोन पंखे आले ते मुख्यतः दुसऱ्या कारणानं. १८८८ च्या ‘सिटी ऑफ न्यूयॉर्क’सारख्या अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाला दोन पंखे होते, म्हणजे एक यंत्र बिघडलं तरी दुसऱ्यावर किनारा गाठता येई. वळण्याचा फायदा त्यासोबत मिळाला.

रेडिओची गोष्ट निकोला टेस्लापासून सुरू होते. १८९८ साली त्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी चालणारी छोटी बोट लोकांना दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. आत बॅटरी, पंख्याची एक मोटर आणि सुकाणू वळवायला दुसरी. लहर पकडायला धातूच्या कणांची कुपी: लहर आली की कण वीज वाहू देतात, पण पुढची लहर कळण्यासाठी कुपी दर वेळी उलटवून कण मोकळे करावे लागतात. टेस्लानं हे उलटवणंही यंत्राकडेच सोपवलं. दर ठोक्याला एक चकती एक घर पुढे सरके, आणि सुकाणू डावीकडे जायचं, थांबायचं की उजवीकडे, हे त्या घरावर ठरे. या चकतीपाशी मी नेहमी थबकतो, कारण पुढची पन्नास-साठ वर्षं हौशी लोकांनी जवळपास याच रीतीनं बोटी चालवल्या.

त्यांच्या यंत्रणेला ‘सिंगल चॅनल’ म्हणत. एकच बटण, एकच संदेश. रबराच्या पिळावर चालणारं एस्केपमेंट, म्हणजे सुकाणू टप्प्याटप्प्यानं सरकवणारी कळ, दर दाबाला एक पाऊल पुढे जाई: दाबलं की उजवं, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावं. आधीचं वळण कोणतं होतं हे डोक्यात ठेवावं लागे. विसरलं की बोट भलतीकडे. अशा बोटीत दुसरी मोटर बसवून तिला वेगळा हुकूम देणार कसा? मग वेगवेगळ्या सुरांना थरथरणाऱ्या पट्ट्यांचे ‘रीड’ संच आले आणि डावं-उजवं वेगळं झालं, पण तेही पूर्ण किंवा शून्य, अधलंमधलं नाही.

कोंडी फुटली ती १९६० च्या दशकात, प्रपोर्शनल रेडिओनं. रिमोटवरची काडी जितकी ढकलाल तितकाच सर्वो, म्हणजे बोटीतली सुकाणू हलवणारी छोटी मोटर, फिरणार. बोटीतला रिसीव्हर सर्वोला सेकंदाला सुमारे ५० ठोके पाठवतो. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असला की मध्य, १ कडे सरकला की एक टोक, २ कडे सरकला की दुसरं. आजही बहुतेक रिसीव्हर हीच भाषा बोलतात. मोटर मात्र बरीच वर्षं सर्वोनं हलवलेल्या स्विचवर किंवा तापणाऱ्या रेझिस्टन्सवर चालत राहिली. मॉस्फेटचे (एक प्रकारच्या ट्रान्झिस्टरचे) इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे ईएससी, स्वस्त झाले तेव्हा प्रत्येक मोटरला स्वतःचा वेग मिळाला.

त्यानंतर राहिला मिक्सरचा, म्हणजे वेगाचा हुकूम (थ्रॉटल) आणि वळणाचा हुकूम एकत्र करून दोन मोटरींना वाटणाऱ्या सोयीचा, साधा हिशेब. डाव्या मोटरला थ्रॉटल अधिक वळण, उजवीला थ्रॉटल वजा वळण. थ्रॉटल ६० टक्के आणि काडी उजवीकडे ३० टक्के असेल तर डावी ९० वर, उजवी ३० वर. थ्रॉटल शून्य ठेवून काडी पूर्ण ढकलली तर एक पूर्ण पुढे, एक पूर्ण मागे: वल्ह्यांची गिरकी. थ्रॉटल आधीच १०० वर असेल तर बाहेरच्या मोटरला वाढायला जागा नसते, फक्त आतली मंदावते. म्हणून वेगात सुकाणू आणि धक्क्याजवळ मोटरी, असं मी मानतो. मिक्सर स्विचनं चालू-बंद करता येईल असा ठेवावा. सुकाणू काढून टाकू नये.

दोन पंख्यांमधलं अंतर हा मुद्दा लोक विसरतात. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९७२ साली नौदलात दाखल झालेली आयएनएस निलगिरी ही युद्धनौका दोन शाफ्टची, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दोन दांड्यांची होती. लांबी सुमारे ११३ मीटर, रुंदी जेमतेम १३. एकास शंभर मापाचं मॉडेल केलं तर सुमारे ११३ सेंटिमीटर लांब बोटीत दोन्ही शाफ्ट १३ सेंटिमीटरच्या आत बसवायचे. एवढ्याशा अंतरावरून लांब बोट फिरवायला जोर कमीच पडतो. बुटक्या, रुंद टगला तोच जोर पुरून उरतो. एनसीसीच्या नौदल विभागात शिप मॉडेलिंग करणाऱ्या मुलांना युद्धनौकेचं मॉडेल वळत नाही म्हणून नाउमेद होण्याचं काही कारण नाही. ती नौकेच्या आकाराचीच देणगी आहे.

पंखे एकमेकांविरुद्ध फिरणारे घ्यावेत, पुढे जाताना वरची पाती बाहेरच्या बाजूला जातील असे. गिरकीला त्यांची मदत होते. ब्रशच्या मोटरी दोन्ही दिशांना सारख्या फिरतीलच असं नाही, त्यामुळे सरळ सोडलेली बोट हळूहळू एका अंगाला जाते. रिमोटवरच्या ट्रिमनं, म्हणजे मध्यबिंदू किंचित सरकवून, ते सावरता येतं. दोन्ही ईएससी रिसीव्हरला वीज देत असतील तर एकाची लाल वायर प्लगमधून काढून टेपनं गुंडाळून ठेवण्याची जुनी रीत आहे.

तळ्यावर जाण्यापूर्वी घरी टबात बोट धरून काडी हलकेच उजवीकडे करून पाहा. थ्रॉटल शून्यावर असताना डावा पंखा पाणी मागे फेकत असेल, उजवा पुढे, आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) हाताला उजवीकडे ढकलत असेल तर जोडणी बरोबर. नाळ डावीकडे जात असेल तर रिसीव्हरवरचे दोन प्लग आपसात बदलून पुन्हा पाहा; तेव्हाही पुढे-मागे सुलटं चाललं पाहिजे.